ओल्या कचऱ्याचा ड्रम, सासूबाई आणि जंतू

रामबागवाली

मंडळी, इंदूरकर आणि बाहेरचेही, सल्ला हवा आहे.

कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत रोज येते, ओला-सुका वेगळा करायची सवय घरात लहानथोर सगळ्यांना आहे, त्या बाबतीत तक्रार नाही. पण गच्चीत कुंड्या वाढल्या आणि खत विकत आणायचं जिवावर आलं. म्हणून होळीनंतर एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला, त्याला भोकं पाडली आणि भाज्यांची सालं, चहाचा चोथा, देवाची फुलं त्यात टाकायला लागले. उन्हाळाभर सगळं छान चाललं. पाऊस लागला आणि असा वास सुटला की शेजारच्या वहिनी गच्चीत कपडे वाळत घालायला येईनाशा झाल्या.

त्यात धाकटीला टायफॉइड झाला. आता बरी आहे, शाळेत जातेय. पण सासूबाईंनी निकाल लावून टाकला: "घरात जंतूंची खाण करून ठेवलीस, पोर आजारी पडेल नाही तर काय!" ड्रम गाडीत टाकायचं फर्मान निघालंय. नवरा नेहमीप्रमाणे तटस्थ.

तर प्रश्न असे. ड्रममुळे टायफॉइड होऊ शकतो का? वास का येतो? आणि सासूबाई रोज विरजण लावतात ते जंतू नव्हेत का? (हा तिसरा त्यांना विचारलेला नाही. जीव प्यारा आहे.)

सूक्ष्मदर्शी

कॉलेजात जन्मभर हाच विषय शिकवला, त्यामुळे राहवत नाही.

टायफॉइड ड्रममधून आलेला नाही. साल्मोनेला टायफी हा जिवाणू फक्त माणसात नांदतो. गाईम्हशीत नाही, कोंबडीत नाही, भोपळ्याच्या सालीत तर नाहीच. आजारी माणसाच्या, किंवा बरा होऊनही पित्ताशयात तो बाळगून असलेल्या माणसाच्या विष्ठेतून तो पाण्यात किंवा अन्नात उतरतो आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात जातो. जमिनीखाली नळाची आणि ड्रेनेजची लाइन शेजारी शेजारी असते, पावसाळ्यात कुठे जोड सैल झाला की खेळ खलास. तेव्हा ड्रमकडे बघू नका, पाण्याच्या टाकीकडे बघा. ती शेवटची कधी धुतली? बोअरचं पाणी पिता का? मुलीने शाळेबाहेर बर्फाचा गोळा, पाणीपुरी खाल्ली होती का?

वासाचं कारण सरळ आहे. ड्रममध्ये दोन टोळ्या असतात. हवा मिळाली तर एक टोळी काम करते, तिचा वास येत नाही, आला तर मातीचा येतो. पावसाचं पाणी आत शिरलं, सालं चिकटून लगदा झाला, हवा संपली, की दुसरी टोळी सूत्रं हाती घेते. तिच्या कामातून सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड आणि खवट लोण्यासारखा वास देणारं ब्युटिरिक आम्ल निघतं. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास असेल तर हिरवं जास्त आणि कोरडं कमी झालंय. दोन्हींवर औषध एकच: कोरडा पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा घाला आणि वरखाली करा. वर झाकण ठेवा, पाऊस आत येऊ देऊ नका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. पण तुम्ही विचारू नकाच.

पोहे_जिलबी

भिया, धागा सुरू होताच संपवला तुम्ही! सासूबाईंची बाजू मांडायला कोणीच नाही का?

डॉ_पलासिया

मी मांडते थोडी. टायफॉइडबद्दल सर म्हणतात तेच खरं, पण कंपोस्ट म्हणजे पंचामृत नव्हे.

मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, त्यात बहुतेक रोगजंतू मरतात. गच्चीतला छोटा ड्रम तेवढा तापत नाही. म्हणून त्यात मटण-मासळीचे अवशेष, कुत्र्यामांजराची घाण, बाळाचे डायपर असलं काही जाऊ नये. उकरताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. कोरडं खत चाळताना धूळ नाकात जाते, तेव्हा मास्क लावा. लेजिओनेला लाँगबीची नावाचा न्यूमोनिया करणारा जिवाणू कुंडीच्या मातीत आणि कंपोस्टमध्ये सापडतो, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये त्याचे रुग्ण बरेच नोंदले गेलेत. घरात कोणाला दमा असेल, कोणी स्टेरॉइडवर असेल, तर त्याला हे काम देऊ नका. आणि बागकाम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताचा बूस्टर वेळेवर घ्यावा. धनुर्वात करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, झोपलेली रूपं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. गंजलेल्या खिळ्याची ख्याती उगाचच, गंजाशी त्याचा संबंध नाही. खोल जखम आणि तिच्यात गेलेली माती, हे खरं कारण.

रामबागवाली, मुलीचं निदान कशावरून झालं? नुसत्या विडाल नावाच्या रक्तचाचणीवरून असेल तर पुढच्या वेळी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, करून घ्या. विडाल फार फसवी आहे. आणि टायफॉइडची कॉन्जुगेट लस मिळते, ती बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

काळीमाती

सांवेरकडे आमची शेती आहे. या धाग्यावर एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही याचं नवल वाटतं. अहो, तुम्ही इंदुरात बसून कंपोस्टला जागा द्यावी की नाही हे विचारताय? जगभर सेंद्रिय शेतीवाले जिला इंदूर पद्धत म्हणतात ती तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर जन्मली!

१९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इथे आले, इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री काढली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, कापूस समितीचा पैसा होता. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तीच जागा. काम कापसावर करायचं होतं, पण माळव्यातली काळी माती थकलेली आहे आणि गोवऱ्या करून शेण चुलीत जातंय, हे त्यांनी बघितलं. तेव्हा शेण कमी आणि शेतातला पालापाचोळा जास्त असं खत कसं करायचं, यावर त्यांनी वर्षं घातली. १९३१ मध्ये पुस्तक आलं. त्यावर दोन नावं आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड तिथे रसायनशास्त्राचे मुख्य सहायक होते. जग हॉवर्डसाहेबांना ओळखतं, वाडांना कोण ओळखतं? इंदुरातल्या मराठी मंडळींनी तरी ओळखावं.

पद्धत बघा, अजून जशीच्या तशी चालते. उथळ खड्डा. त्यात काड्या-पाला, वर शेणकाला, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक असतात, त्या ते शेतातल्या रस्त्यावर अंथरून ठेवत, गाड्या जाऊन जाऊन त्यांचा भुगा व्हायचा. ओल बेताची. तीनदा उलथायचं, तीन महिन्यांत खत तयार. आधी बुरशी काम करते, नंतर जिवाणू. सुरुवातीला कार्बन नायट्रोजनच्या तीसेक पट असावा, शेवटी दहापट राहतो, हे मोजमाप त्यांच्याच कामातलं आहे. आमच्या आजोबांनी हे पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. पण उकिरड्याला पावसाआधी खांदणी देणं त्यांनाही माहीत होतं.

वडोदेकर_पुणे

+१. गंमत अशी की आमच्याकडे लोक "कंपोस्ट कल्चर"चं पाकीट ऑनलाइन मागवतात, आठवड्यात दोनदा टाकतात. त्याची गरज असते का?

सूक्ष्मदर्शी

नसते. जे जिवाणू लागतात ते सालीवर, पाल्यावर, मातीत आधीच आहेत. मूठभर बागेच्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव अब्जांनी असतात. पहिल्यांदा जुनं खत दोन ओंजळी घाला, विरजणासारखं, एवढं पुरे. पाकिटाने थोडं लवकर सुरू होत असेल, पण हवा आणि ओल चुकली तर पाकीटही हात टेकतं.

काळीमाती, वाडांची आठवण काढलीत, बरं वाटलं.

जुनी_इंदूरवाले_काका

जंतू आणि इंदूर म्हटलं की मला प्लेग आठवतो. म्हणजे मी पाहिलेला नाही, एवढा म्हातारा नाही, पण वडिलांच्या तोंडून गावाबाहेरच्या झोपड्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत.

प्लेगचा जिवाणू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. मुंबईत १८९६ ला साथ आली, पुढच्या जानेवारीत हाफकिनने लस आधी स्वतःला टोचून घेतली. उंदरावरची पिसू हा रोग माणसात आणते हे सायमंडने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि लोकांनी बरीच वर्षं त्याला हसून घेतलं. आपल्या इंदुरातही साथी येत होत्या.

मग १९१७ मध्ये पॅट्रिक गेडेस हे नगररचनाकार होळकरांच्या बोलावण्यावरून आले. लोक त्यांना घाबरत, कारण नगररचनेचा साहेब म्हणजे घरं पाडणार. गेडेसनी काय करावं? दिवाळीला मिरवणूक काढली. आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ असतील तिथून जाईल. झालं, गावभर झाडलोट सुरू. गाड्या भरभरून केर बाहेर निघाला, घरं रंगली. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत मानाने चालले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे पुतळे होते, ते शेवटी जाळले. लोकांना तुळशीची रोपं वाटली. १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल आला, त्यात जुन्या वस्त्या पाडण्यापेक्षा थोडीथोडी शस्त्रक्रिया करावी असंच म्हटलंय.

हल्ली स्वच्छतेचे नंबर लागले की आपण छाती फुगवतो, पण गल्लीगल्लीत चुरस लावायची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे.

पोहे_जिलबी

काका, भारीच! हे शाळेत का नाही शिकवलं?

बरं, तुमच्या जंतूंच्या यादीत देवगुराडियाचा कचऱ्यातून गॅस करणारा प्लान्ट पण घ्या. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून १७ हजार किलोच्या आसपास सीएनजी, वर खत. सिटी बस त्यावर धावतात. जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथे! हे पण बॅक्टेरियाच करतात ना?

सूक्ष्मदर्शी

अर्धं काम जिवाणू करतात. ते कचऱ्याचे तुकडे पाडतात, त्यातून आम्लं आणि हायड्रोजन तयार करतात. शेवटचा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष मिथेन बनवणं, हे आर्किआ करतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळं. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये ते वेगळं काढलं. हे लोक हवेने मरतात, म्हणून प्लान्टच्या टाक्या घट्ट बंद असतात. रामबागवालींच्या ड्रमला हवा पाहिजे आणि देवगुराडियाच्या टाकीला ती अजिबात चालत नाही, कचरा तोच.

रामबागवाली

सगळ्यांचे आभार. पुठ्ठा फाडून घातला, वर पत्रा ठेवला. काकांची मिरवणूक सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांना फार आवडली. पण ड्रमबाबत त्या अजून "बघू" वर आहेत.

आता वेगळाच प्रश्न. त्यांचं दही गेले काही दिवस लागतच नाही. तेच पातेलं, तेच विरजण, दूध गवळ्याचं. सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं. त्याचाही दोष माझ्या ड्रमवर आलाय.

गोठा_देवास

ताई, गवळ्याला विचारा, एखादी म्हैस आजारी आहे का.

कासदाह झाला, आमच्याकडे दगडी म्हणतात, की डॉक्टर सडातून अँटिबायोटिकची ट्यूब चढवतात. ट्यूबेवर लिहिलेलं असतं की इतके दिवस दूध विकू नका. ते दिवस न पाळता दूध इतरांच्यात मिसळलं की ते औषध तुमच्या विरजणातल्या जिवाणूंना मारतं. दूध उकळलं तरी बऱ्याच औषधांचा असर राहतो. दही लागत नाही याचं हे एकच कारण नसतं, विरजण जुनं झालेलं असू शकतं, दूध फार गार किंवा फार गरम असताना लावलं असेल. पण सगळं तेच असून अचानक बंद पडलं तर मी आधी हाच प्रश्न विचारतो. पिशवीचं दूध आणून त्याच विरजणाने लावून बघा. लागलं तर विरजण निर्दोष आहे.

डॉ_पलासिया

गोठावाले, ही गोष्ट मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार. सर्दी झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या अँटिबायोटिकच्या आणणारे आमच्याकडे रोज येतात. सर्दी विषाणूंची, त्यांना या गोळ्यांनी काही होत नाही. मरतात ते आतड्यातले आपले जिवाणू, आणि जे मरत नाहीत ते पुढच्या वेळी गोळ्यांना जुमानत नाहीत. बऱ्याच अँटिबायोटिक्सना २०१४ पासून एच-१ नियम लागू आहे, दुकानदाराने चिठ्ठी बघून वहीत नोंद करायची असते. किती ठिकाणी होते ते सगळ्यांना माहीत आहे.

सूक्ष्मदर्शी

आणि ही औषधं आली कुठून? मातीतूनच. पहिल्या पावसाचा वास ज्यामुळे येतो ते जिओस्मिन बनवणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू, त्यांच्यातल्याच एकापासून १९४३ मध्ये शॅट्झने वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन काढलं. क्षयावर चाललेलं ते पहिलं अँटिबायोटिक. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, त्याला मारणारा मातीत सापडायला साठ वर्षं लागली. वॅक्समन मुळात मृदाशास्त्राचे माणूस. १९५२ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं, शॅट्झ राहिला. वाडांची गोष्ट वाचताना मला तोच आठवत होता.

काळीमाती

सर, आता शेतातलं सांगतो. सोयाबीन माळव्यात आलं तेव्हा त्याच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू आपल्या मातीत जवळपास नव्हताच, तो बियाण्याला लावून आणावा लागला. ब्रॅडीरायझोबियम त्याचं नाव. आमच्याकडे पाकिटाला नुसतं "कल्चर" म्हणतात. खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथली शिकवण अशी की आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि कल्चर शेवटी. लोक सगळं एकाच घमेल्यात कालवतात, कल्चर मरतं आणि मग म्हणतात पाकीट बोगस. गुळाच्या पाण्यात कालवायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं.

महिना-सव्वा महिन्याने एक रोप अलगद उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर हवेतला नायट्रोजन पकडायचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आणि वरून युरिया मारला की रोप आयतं खातं, गाठी धरत नाहीत. पैसेही गेले, गाठीही गेल्या.

वडोदेकर_पुणे

थोडं अवांतर. बाळाला जन्मल्यावर मध चाटवतात, त्याबद्दल डॉक्टर काही म्हणतील का? घरात नवीन पाहुणा येतोय, आजी मधाची बाटली घेऊन तयार आहेत.

डॉ_पलासिया

अभिनंदन. आणि नको. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटभरही नको, गुटीतूनही नको. मधात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष बनवतात, बाळ लुळं पडतं. आजींना चांदीचा चमचा कोरडा लावू द्या, हौस भागेल.

पोहे_जिलबी

आता माझ्या नावाला साजेसा प्रश्न. सकाळी सहाचे पोहे ठेल्यावर अकराला खातो आपण. आणि घरी रात्रीचा भात सकाळी फोडणीला. यातलं कोणतं जास्त धोक्याचं?

सूक्ष्मदर्शी

भात.

आपले इंदुरी पोहे ठेल्यावर कसे ठेवतात बघा. खाली पातेल्यात पाणी उकळतंय, वर पोहे वाफेवर. वाफ चालू आहे तोवर पोहे साठ अंशांच्या वर राहतात, तिथे जिवाणू वाढत नाहीत. शेव-कांदा-जिरावण वरून पडतं, त्याचा हात स्वच्छ असला म्हणजे झालं. वाफ बंद करून ठेवलेले कोमट पोहे मात्र टाळा.

भाताचं वेगळं आहे. तांदळावर बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात, ते कुकरमधूनही काही प्रमाणात वाचून निघतात. भात ओट्यावर रात्रभर कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात, आणि एक विष तयार करतात. सकाळी फोडणीत परतलं की जिवाणू मरतात, विष जात नाही. तासा-दोन तासांत उलट्या सुरू. मेच्या रात्री हे सहज होतं, जानेवारीत स्वयंपाकघर दहा अंशांवर आलेलं असताना क्वचित.

रामबागवाली

सर, हे सासूबाईंना सांगायचं कसं? "आम्ही जन्मभर फोडणीचा भात खाल्ला" हे उत्तर तयार आहे.

सूक्ष्मदर्शी

फोडणीचा भात बंद करा असं म्हणतच नाहीये मी, मलाही आवडतो. रात्री जेवणं झाल्यावर उरलेला भात पातेल्यात गोळा ठेवू नका, ताटात पसरा, निवला की तासाभरात डब्यात घालून फ्रीजमध्ये. सकाळी काढा, मोहरी, शेंगदाणे, हिरवी मिरची, खणखणीत गरम करा, एकदाच करा, उरला तर पुन्हा ठेवू नका. फ्रीज नसेल किंवा लाइट गेली असेल तर रात्रीच भातात भरपूर आंबट ताक घालून ठेवा. आंबटपणात तो जिवाणू नीट वाढत नाही, ताकातल्यांचं राज्य राहतं. शंका आली तर मात्र फेकायचा.

सासूबाईंना भात पसरायचं काम सांगू नका, ते तुम्हीच करा. आणि फेकायचा तो ड्रममध्ये थोडा थोडा, वर कोरडा पाला, नाहीतर पुन्हा वहिनींचे कपडे.